कामी आले, पण कुणाच्या?

माझं आजोळ सातारा जिल्ह्यातलं. तिथल्या जुन्या चावडीच्या भिंतीत एक लहानशी संगमरवरी पाटी आहे. पहिलं महायुद्ध संपल्यावर इंग्रज सरकारने अशा पाट्या कित्येक गावांत बसवल्या; घाटावर आणि कोकणात त्या आजही दिसतात. आमच्या पाटीवर एकही नाव नाही. आकडे मात्र दोन आहेत: १९१४ ते १९१९ या काळात या गावातून किती माणसं लढाईवर गेली, आणि त्यांपैकी किती जणांनी प्राण दिले. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही पोरं त्या पाटीखालच्या ओट्यावर खेळायचो. एकदा आजीला विचारलं, हे आकडे कुणाचे? सुपातले खडे वेचता वेचता ती म्हणाली, "लढाईत कामी आले त्यांचे."

लढाईतल्या मरणाला मराठीत किती शब्द आहेत! धारातीर्थी पडला, वीरगती मिळाली, कामी आला, खर्ची पडला. यातले शेवटचे दोन जरा जवळून पाहावेत. 'कामी आला' म्हणताना आपण त्या मरणाचा काहीतरी उपयोग झाला असं मानून चालतो. 'खर्ची पडला' म्हणताना फक्त हिशेबातली वजाबाकी सांगतो. मेलेला माणूस तोच, लढाईही तीच. पण कुठला शब्द वापरायचा यावरून घराघरांत, देशादेशांत भांडणं झाली आहेत. एरिख मारिया रेमार्कच्या 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' या कादंबरीवरून जगभरच्या वाचकांनी घातलेला वाद मुळात या दोन शब्दांमधला आहे, असं मला वाटतं. या छोट्या पुस्तकातले लेख त्या वादात उशिरा, पण मनापासून सामील होतात.

आमच्या वाचन-मंडळाने गेल्या पावसाळ्यात ही कादंबरी वाचली. दर रविवारी एक प्रकरण. इंग्रजी प्रत समोर ठेवून, महत्त्वाचे भाग तोंडी मराठीत सांगत. मंडळात बारा-तेरा जण: निवृत्त सुभेदार, शाळामास्तर, गृहिणी, इंजिनिअरिंगची एक विद्यार्थिनी, औषधांच्या दुकानाचे मालक. शेवटचं पान मिटलं तेव्हा आमच्यात एकमत नव्हतं. दोघांचा तर आवाजही चढला होता. तेव्हाच ठरलं की प्रत्येकाने आपलं म्हणणं लिहून काढायचं. ते लेख नीट कळावेत म्हणून या कादंबरीची आणि तिच्या वाचकांची हकीकत आधी सांगितली पाहिजे.

कादंबरी सुरू होते जेवणाच्या रांगेपासून. जर्मन आघाडीमागच्या तळावर आचाऱ्याने कंपनीतल्या दीडशे माणसांचं रांधून ठेवलंय. शेवटच्या दिवशी शत्रूच्या तोफांनी अचानक झोडपलं आणि परत आले ऐंशी. आचारी हिशेबाचा पक्का, ऐंशी जणांचंच वाढीन म्हणून अडून बसतो. पोरं हट्टाला पेटतात, शेवटी वरिष्ठ मधे पडतो आणि सगळं वाढलं जातं. वीस वर्षांच्याही आतली ही पोरं पोटभर जेवतात, खूश होतात. मेलेल्या मित्रांच्या वाट्याचं आपण खातो आहोत हे त्यांना कळतं, आणि तरीही भूक भूकच राहते. आमच्या चावडीवरच्या पाटीसारखेच इथेही गेले किती आणि उरले किती हे दोनच आकडे आहेत. रेमार्कने त्या दोन आकड्यांच्या मधे जेवणाचं ताट ठेवलं. वाचकांतली फूट इथूनच सुरू होते. कुणाला हे पान अत्यंत खरं वाटतं, कुणाला मेलेल्यांचा अपमान वाटतो.

रेमार्क १८९८ साली जर्मनीतल्या ओस्नाब्र्युक गावी जन्मला. वडील पुस्तकबांधणीचं काम करत. नोव्हेंबर १९१६ मध्ये, अठराव्या वर्षी, त्याला सक्तीने सैन्यात भरती केलं गेलं. जून १९१७ मध्ये तो पश्चिम आघाडीवर पोचला आणि ३१ जुलैला तोफगोळ्याच्या किरच्या लागून जखमी झाला. पुढचा बराच काळ इस्पितळात गेला. आघाडीवर किंवा तिच्या आसपास तो जेमतेम दीड-दोन महिने होता. युद्धानंतर शिक्षकी, मग किरकोळ नोकऱ्या, मग बर्लिनमध्ये एका क्रीडा-नियतकालिकात संपादकाचं काम. १९२७-२८ मध्ये त्याने ही कादंबरी लिहिली. एका नामांकित प्रकाशकाने ती नाकारली. युद्धाचं आता कोण वाचणार, असा त्या काळचा समज होता. उल्स्टाइन या बड्या प्रकाशनसंस्थेने ती घेतली. नोव्हेंबर १९२८ मध्ये, युद्धबंदीला दहा वर्षं होताना, ती त्यांच्या 'फोसिशे त्साइटुंग' या दैनिकात क्रमशः छापली गेली आणि जानेवारी १९२९च्या अखेरीस पुस्तकरूपाने आली.

पुढे जे झालं तसं त्याआधी क्वचितच कुठल्या पुस्तकाचं झालं असेल. दीड वर्षात २२ भाषांत मिळून सुमारे २५ लाख प्रती खपल्या. इंग्रजी अनुवाद त्याच वर्षी आला. तो करणारे ए. डब्ल्यू. व्हीन हे ऑस्ट्रेलियन सैनिक होते. ते स्वतः त्याच युद्धात जर्मनांविरुद्ध लढले होते आणि शौर्यपदकाचे मानकरी होते. शत्रूच्या खंदकातल्या माणसाने याचं इंग्रजी केलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. दहा वर्षं गप्प बसलेले सैनिक हे पुस्तक वाचून बोलते झाले. आघाडीवरून परत आलेला मुलगा किंवा नवरा आपल्याशी का बोलत नाही, हे कितीतरी घरांना पहिल्यांदा उमगलं.

पण त्याच पुस्तकाने तितकीच माणसं दुखावली. जर्मन राष्ट्रवाद्यांचा आक्षेप असा: हे आघाडीवरच्या जवानाचं चित्रच नाही. आमचे जवान देशासाठी लढले. इथे ते पोटासाठी, बुटांसाठी आणि एकमेकांसाठी जगतात, देशाचं नावही घेत नाहीत. याच वाचकांना अर्न्स्ट युंगरचं 'पोलादी वादळात' हे १९२० साली आलेलं युद्धकथन जवळचं वाटे, कारण त्यात युद्ध माणसाला कठोर आणि मोठं करतं. रेमार्कच्या पानांत युद्ध माणसाला नुसतं संपवतं, वाचलेल्यालाही. आपले मुलगे कामी आले अशी ज्यांची श्रद्धा होती, त्यांना ही कादंबरी सांगत होती की ते खर्ची पडले. पोर गमावलेल्या बापाला हे वाक्य कसं सोसवेल? त्या संतापात राजकारण होतं, तसं दुःखही होतं. आज मागे वळून पाहताना आपण ते दुःख विसरून नुसतं राजकारण पाहतो, हा त्या वाचकांवर अन्याय आहे.

डावीकडूनही टीका झाली. कम्युनिस्ट समीक्षक म्हणाले, दुःख दाखवलंत, पण ते कुणी आणलं हे कुठे सांगितलंत? पोरांनी खंदकात गप्पा मारल्या, 'युद्ध का होतं' असं एकमेकांना विचारलं आणि विषय सोडून दिला. कारखानदार, सरदार, सम्राट मोकळेच राहिले. काही जण लेखकाच्याच मागे लागले. 'मायनोना' या टोपणनावाच्या लेखकाने १९२९ सालीच 'एरिख मारिया रेमार्क खरंच होऊन गेला का?' अशा मथळ्याचं अख्खं पुस्तक काढलं. प्रकाशकाने रेमार्कला साधा, कधी काही न लिहिलेला सैनिक म्हणून पुढे आणलं होतं; प्रत्यक्षात त्याची एक कादंबरी १९२० सालीच आली होती. तो आघाडीवर किती दिवस होता, कुठल्या तुकडीत होता, आडनावाचं स्पेलिंग त्याने का बदललं, यावर शाई वाहिली. त्याचं खरं नाव क्रामर आहे अशीही अफवा पसरवली गेली. एकदा साक्षीदाराला खोटं ठरवलं की साक्षीकडे बघावं लागत नाही, ही जुनी युक्ती आहे.

इंग्लंड-अमेरिकेतली तक्रार वेगळीच. कादंबरीत सुरुवातीलाच एक प्रसंग आहे: मोकळ्या कुरणावर, उन्हात, तीन मित्र शौचाच्या पेट्यांवर शेजारी शेजारी बसून तासन्‌तास पत्ते खेळतात. आयुष्यातले सगळ्यात निवांत क्षण म्हणून लेखक ते रंगवतो. लंडनच्या काही समीक्षकांनी या लेखनाची 'शौचकूप संप्रदाय' म्हणून हेटाळणी केली. अमेरिकन आवृत्तीतून हा प्रसंग आणि इस्पितळातला पती-पत्नीच्या भेटीचा प्रसंग काढून टाकला गेला. माणसाच्या चिंध्या होतात ती पानं तशीच राहिली, शरीराच्या साध्या गरजांची पानं तेवढी गेली. आमच्या मंडळातल्या मास्तरांनी आपल्या लेखात यावरच नेमकं बोट ठेवलं आहे.

अधिक गंभीर आक्षेप घेतला सिरिल फॉल्स आणि डग्लस जेरल्ड या ब्रिटिश लेखकांनी. दोघेही त्या युद्धात लढलेले. १९२९च्या सुमाराला युद्धकथांचं पीकच आलं होतं. रॉबर्ट ग्रेव्हजची आठवणींची बखर, हेमिंग्वेची 'अ फेअरवेल टु आर्म्स' त्याच वर्षीची. फॉल्स आणि जेरल्ड यांचं म्हणणं असं की अशा पुस्तकांत प्रत्येक दिवस कत्तलीचा असतो. खऱ्या युद्धातले कंटाळ्याचे, विश्रांतीचे, हसण्याचे दिवस त्यात येत नाहीत, आणि माणसं केवळ बळी म्हणून दिसतात, काही ठरवून लढणारी म्हणून दिसत नाहीत. या आक्षेपात तथ्य आहे. कादंबरीला आपले सगळे धक्के दोनशे-अडीचशे पानांत बसवायचे असतात, त्यामुळे सरासरी दिवस तिच्या हातून निसटतो. पण रेमार्कच्या बाबतीत पूर्ण न्याय करायचा तर त्या कुरणावरचे पत्ते, चोरून आणलेला हंस रात्रभर भाजत बसलेले कथेचा निवेदक पॉल आणि त्याचा सोबती काट, हेही आठवलं पाहिजे. काट पेशाने चांभार, चाळिशीचा. ओसाड गावातूनही खाणं हुडकून आणणारा. त्या हंसाच्या रात्री दोघं जवळजवळ काहीच बोलत नाहीत. त्या दोन-चार पानांइतकं मैत्रीचं चित्र मी फार कमी वाचलं आहे.

मतभेद लेखापुरता राहिला नाही. १९३० साली लुईस माइलस्टोनने काढलेल्या हॉलिवूडच्या चित्रपटाला उत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तो बर्लिनमध्ये लागला. दुसऱ्याच दिवशी नाझी पुढारी गोबेल्सच्या माणसांनी थिएटरात दुर्गंधीच्या कुप्या फोडल्या, पांढरे उंदीर सोडले, प्रेक्षकांना मारहाण केली. आठवड्याभरात, ११ डिसेंबरला, सेन्सॉरने चित्रपटावर बंदी घातली. दंगल करणाऱ्यांना हवं ते मिळालं. नाझी सत्तेवर आल्यावर १० मे १९३३ रोजी विद्यार्थ्यांनी पुस्तकांच्या होळ्या केल्या, त्यांत रेमार्कचं नाव मोठ्याने उच्चारून त्याची पुस्तकं टाकली गेली. महायुद्धातल्या सैनिकांशी साहित्यातून केलेला द्रोह असा आरोप ठेवून. १९३८ साली त्याचं नागरिकत्व काढून घेतलं. तो स्वित्झर्लंडला आणि नंतर अमेरिकेला गेला म्हणून वाचला. त्याची धाकटी बहीण एल्फ्रीडे जर्मनीतच राहिली होती. शिवणकाम करणारी बाई. युद्ध हरलो आहोत असं ती बोलल्याचं कुणीतरी कळवलं आणि डिसेंबर १९४३ मध्ये तिचा शिरच्छेद झाला. भावाला हे युद्धानंतर समजलं. पुढची एक कादंबरी त्याने तिला अर्पण केली.

वाचकांचं दुमत आणि वाचकांचा छळ यांतली रेषा इथे स्पष्ट दिसते. पुस्तक आवडलं नाही म्हणून विरोधात पुस्तक लिहिणारा मायनोना, जेरल्ड किंवा फॉल्स वाचकांच्याच पंगतीला बसतात. उंदीर सोडणारे त्या पंगतीत बसत नाहीत, कारण त्यांना दुसऱ्याने वाचूच नये असं वाटत होतं.

आता आपल्या बाजूची एक गोष्ट. या कादंबरीत पश्चिम आघाडी म्हणजे जर्मन, फ्रेंच, इंग्रज आणि शेवटी अमेरिकन. पण १९१४च्या ऑक्टोबरात ईप्रच्या लढाईत आणि १९१५च्या मार्चमध्ये न्यूव्ह शापेलला हिंदी पलटणी त्याच चिखलात उभ्या होत्या. मराठा पलटणींच्या वाट्याला मुख्यतः मेसोपोटेमिया आला. सहाव्या पुणे डिव्हिजनसोबत त्या कुत-अल-अमारात अडकल्या, १४७ दिवसांच्या वेढ्यानंतर २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली आणि सुमारे १३,००० माणसं तुर्कांच्या कैदेत गेली. त्या युद्धात १० लाखांहून अधिक हिंदी माणसं समुद्रापार पाठवली गेली. त्यांतली ६० हजारांहून अधिक परतली नाहीत. त्यांच्यातून कुणी रेमार्क झाला नाही. बहुतेकांना लिहिता येत नव्हतं. ते दुसऱ्याकडून पत्र लिहवून घेत आणि ते पत्र सेन्सॉरच्या हाताखालून जाई. आपल्या मराठीत युद्धाच्या सावलीत लिहिलेली श्रेष्ठ कादंबरी म्हणजे विश्राम बेडेकरांची 'रणांगण', १९३९ सालची. ती घडते बोटीवर, हिटलरच्या जर्मनीतून पळालेल्या ज्यू निर्वासितांमध्ये, पुढच्या महायुद्धाच्या उंबरठ्यावर. चावडीच्या पाटीवरच्या माणसांची कादंबरी अजून लिहायचीच आहे. म्हणून आमच्यातल्या काहींना रेमार्क वाचताना शत्रूच्या पोराची गोष्ट वाचल्यासारखं वाटलं नाही. आपल्याच पणजोबांनी न सांगितलेली गोष्ट परक्या तोंडून ऐकल्यासारखं वाटलं.

सगळ्यांना मात्र तसं वाटलं नाही. बुटांचा प्रसंग वाचला तो रविवार मला लख्ख आठवतो. केमरिख नावाचा पोरगा इस्पितळात मरणाच्या दारात आहे. त्याचा पाय कापला आहे, हे त्याला अजून नीट उमगलेलं नाही. खाटेखाली त्याचे मऊ पिवळ्या चामड्याचे सुंदर बूट. भेटायला आलेल्या म्युलरची नजर त्या बुटांवर जाते आणि तो ते मागतो. पुढे म्युलर मेल्यावर ते पॉलकडे येतात, आणि पॉलने ते आधीच पुढच्याला कबूल करून ठेवलेले असतात. एक गृहिणी म्हणाल्या, "मला पुढे वाचवत नाही." विद्यार्थिनीला हा प्रसंग रचलेला वाटला, बूट म्हणजे मरणाची खूण असं लेखक आपल्याला हाताला धरून दाखवतो, असं तिचं म्हणणं. सुभेदार इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "बुटाचं खरं आहे. ओल्या पायाने माणूस दोन दिवसांत निकामी होतो. तो म्युलर निर्दय नाही, शहाणा आहे." त्यानंतर खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही.

सगळ्यांना वाटलं, सुभेदार पुस्तकाच्या बाजूचे झाले. पण शेवटच्या रविवारी सगळ्यात कठोर मत त्यांचंच होतं. ते म्हणाले, "मी माणसं चौकीवर पाठवली आहेत. जाताना पोरगा तोंडाकडे बघतो. त्याला काय सांगायचं? या पुस्तकात त्याचं उत्तर नाही. म्हणून ते मला अर्धं वाटतं." त्यांचा लेख या संग्रहात पहिला आहे, आणि तो पहिलाच असावा असा माझा आग्रह होता. त्यानंतर लगेच रजेच्या प्रकरणावर एका आईने लिहिलेला लेख आहे. रजेवर घरी आलेला पॉल आजारी आईपाशी बसतो, तिकडे फार वाईट होतं का असं ती विचारते आणि तो खोटं बोलतो. या लेखिकेचा मुलगा सीमेवर आहे. सुभेदारांना जे उत्तर हवं आहे ते तिला नको आहे. तिला फक्त तो खोटं का बोलतो हे कळून घ्यायचं आहे. हे दोन लेख एकमेकांना खोडत नाहीत. वाचकाने ते एका बैठकीत वाचावेत.

शेवटी नावाविषयी थोडं. जर्मन नावाचा सरळ अर्थ 'पश्चिमेला नवीन काही नाही' असा आहे. इंग्रजीत त्या 'नवीन काही नाही'ची 'शांतता' झाली. ऑक्टोबर १९१८ मधल्या ज्या दिवशी पॉल मरतो, त्या दिवशीच्या लष्करी वृत्तात एवढीच ओळ असते. मराठी वाचकाला जर्मन नाव जास्त जवळचं वाटेल, कारण आपल्या जुन्या पत्रांचा शेवटही असाच असे: इकडील सर्व क्षेम, बाकी नवीन विशेष नाही. वडीलधाऱ्यांना काळजी नको म्हणून लिहिलेली ती ओळ असायची. तीच ओळ सरकारी कागदावर आली की तिच्यात एक माणूस अख्खा बुडून जातो. त्याला तिथून वर काढायचं काम या कादंबरीने केलं. तो कामी आला की खर्ची पडला, हे तिने सांगितलं नाही; ते ठरवणं वाचकांवर सोडलं आणि म्हणूनच वाचक आजवर भांडत आले. २०२२ साली एडवर्ड बर्गरने काढलेल्या जर्मन चित्रपटाला चार ऑस्कर मिळाले, आणि खुद्द जर्मनीत अनेक समीक्षकांनी त्याला मूळ पुस्तकापासून दूर गेल्याबद्दल धारेवर धरलं. पॉलची रजाच त्यातून गाळलेली आहे. हे भांडण जिवंत आहे, आणि ते जिवंत राहावं अशी माझी मनापासून इच्छा आहे. मेलेल्यांबद्दल एकमत झालं की त्यांच्याबद्दल बोलणं थांबतं.



दिवाळीत आजोळी गेलो तेव्हा सुभेदार सोबत होते. पाटीवर शेवाळ धरलं होतं. त्यांनी खिशातला रुमाल ओला करून ती पुसली, दोन्ही आकडे वाचले, मागे सरून सावधान उभे राहिले आणि सलाम केला. परत फिरताना म्हणाले, "बाकी काही असो. नावं लिहायला हवी होती."